आपोआप बंद होतो

नणंद: आणि हा फोटो बघा वहिनी, चादरीला एवढं भोक. खालची गादीसुद्धा करपलीय.

वहिनी: मग फेकून दे तो हीटिंग पॅड. फुकट आलेल्या वस्तूचं काय एवढं घेऊन बसलीस? चार वर्षांत माझ्याकडे तीनशे वस्तू आल्या अभिप्रायासाठी. त्यातली एक इस्त्री तर प्लग लावल्या लावल्या गेली.

नणंद: पॅडचं दुःख नाही हो. मी त्याच्यावर अभिप्राय लिहून मोकळी झालेय. चार तारे दिलेत.

वहिनी: बरोबर केलंस. पाच दिले की लोकांना संशय येतो. आणि दोष कुठला दाखवलास?

नणंद: वायर जरा आखूड आहे म्हणून लिहिलं.

वहिनी: शाब्बास. तयार झालीस की महिन्याभरात.

नणंद: अहो, पण लिहिलं तेव्हा मी तो वापरलाच नव्हता.

वहिनी: कोण वापरतं? दहा दिवसांत लिहिलं नाही तर पुढची वस्तू येत नाही. खोका उघडायचा, फोटो काढायचा, खोक्यावर असेल ते आपल्या शब्दांत उतरवायचं. सगळेच तसं करतात.

नणंद: खोक्यावर होतं, अर्ध्या तासात आपोआप बंद होतो. मी तेच उतरवलं. आज पाठ धरली म्हणून जेवल्यावर पहिल्यांदा लावला आणि डोळा लागला. तासाभराने जळकट वासाने जाग आली.

वहिनी: अगं, हे आधी सांगायचं नाही का? भाजलं नाही ना कुठे? पाठ दाखव.

नणंद: मला काही नाही झालं. पण तो अभिप्राय काढून कसा टाकायचा, ते सांगा. त्यासाठीच धावत आलेय.

वहिनी: काढायचा नाही. काढला की आपण वस्तू पाठवणाऱ्यांच्या डोळ्यावर येतो, मग दोघींचंही बंद. गप्प बस. दुसऱ्यांचे अभिप्राय येतील, तुझा आपसूक खाली जाईल.

नणंद: जात नाहीये ना. सगळ्यात वर आहे. दोनशे अकरा लोकांनी ‘उपयोगी पडला’ म्हटलंय.

वहिनी: दोनशे अकरा? बाई गं. मला त्या मिक्सरवर सतरा मिळाले तर मी तुझ्या भावाला पार्टी दिली होती.

नणंद: थट्टा नको, वहिनी. त्या दोनशेंतलं कुणीतरी आत्ता त्याच्यावर झोपलं असेल. मला भीती वाटतेय हो.

वहिनी: उगाच वाईट मनात आणू नकोस. दे इकडे, असं काय लिहिलंयस बघू. ‘घरी म्हातारी आई आहे. रोज दुपारी लावते. तिला ऐकू कमी येतं, पण झोप लागली तरी आम्हाला घोर नाही, आपोआप बंद होतो.’ अगं, सासूबाईंना जाऊन सहा वर्षं झाली.

नणंद: तुम्हीच म्हणालात ना, घरातलं एखादं म्हातारं माणूस घाल, लोकांचा विश्वास बसतो.

वहिनी: हे वर ‘उगाच एक’ लिहिलंय, ही तू?

नणंद: खरं नाव घालू नको म्हणालात, म्हणून ते टोपणनाव घेतलं. का हो? वहिनी, बसा आधी. काय झालं?

वहिनी: हे मी वाचलंय. तीन आठवड्यांपूर्वी. अण्णांच्या कंबरेसाठी शोधत होते. बाकीचे सगळे आपल्यासारखेच लिहिणारे, मला लगेच कळतं. हे एकच वाचून वाटलं, ही बाई खरं लिहितेय.

नणंद: तुमच्या अण्णांसाठी मागवलात?

वहिनी: थेट त्यांच्या पत्त्यावर पाठवला. मी खोकासुद्धा पाहिला नाही. परवाच फोनवर सांगितलं त्यांना, जेवण झालं की लावा आणि खुशाल झोपा.

नणंद: आधी फोन लावा त्यांना.

वहिनी: लावलाय. नुसता वाजतोय. कानातलं मशीन काढून झोपतात गं ते. घरात एकटेच असतात.

नणंद: शेजारी कुणी नाही का?

वहिनी: समोरचे मास्तर. त्यांच्याकडे एक किल्ली असते. थांब, स्पीकरवर टाकते. मास्तर, मी बोलतेय, अण्णांची मुलगी.

मास्तर (फोनवर): बोल बाळ. आज इकडची वाट कशी चुकलीस?

वहिनी: मास्तर, अण्णांचं दार उघडा. आत्ताच्या आत्ता.

मास्तर: अगं, झोपले असतील ते. तुझा तो पॅड आल्यापासून स्वारी भलतीच खूश आहे. लेकीने बघूनच घेतलं असणार म्हणत होते.

वहिनी: मास्तर, पाया पडते तुमच्या, आधी उठा.

मास्तर: उठलो, उठलो. हे गुडघे मेले ऐकत नाहीत. हं, आलो त्यांच्या दाराशी. बेल वाजवू?

वहिनी: बेल नको, ऐकू यायची नाही. किल्ली लावा.

मास्तर: लावतो. कसला गं हा वास? कुणाचं दूध करपलंय वाटतं.

नणंद: वहिनी, पत्ता सांगा. मी माझ्या फोनवरून अग्निशमनवाल्यांना बोलावते.

वहिनी: मास्तर, उघडलं का दार?

मास्तर: किल्ली फिरली. पण बाळ, हँडलला हात लावता येत नाहीये.