दादा, कापले

नाही नाही, खड्ड्याला कशाला शिव्या देताय? खड्डा बिचारा जागेवरच होता. बसा. ओठाला टाके आहेत, बोलू नका, मीच बोलतो. सायकलचा हा चिमटा, पुढचं चाक धरतो तो, आमच्याच कारखान्यातला – माझ्या न् धाकट्या भावाच्या. मोडलेल्या कडेला हात लावू नका, तंतू बोटात घुसतात. इथं बघा, थरांच्या मधोमध निळं काय चमकतंय? प्लॅस्टिकची फिल्म! कार्बनचं कापड रेझिन लावूनच येतं, चिकट असतं, म्हणून पाठीला ही फिल्म. ती सोलायची, मगच पुढचा थर चढवायचा. राहिली, की भट्टीतून चिमटा निघतो नवरदेवासारखा चकचकीत – आत मात्र दोन थर शेजारी शेजारी झोपलेले आणि बोलणं बंद! विसरतं कोणीही. मीही विसरेन. म्हणून तर प्रत्येक नग नाण्यानं वाजवतो मी. चांगला टणटणतो. हा थप्प बोलला होता.

मग बाजारात कसा आला? तेच तर! नापास नग आम्ही करवतीनं कापतो. अख्खा राहिला की मोह होतो हो. भावाला म्हटलं, काप. आला थोड्या वेळानं – कोपरापर्यंत काळी भुकटी, कराकरा खाजवतोय. ‘दादा, कापला.’ मी त्याच्या हातांवर पाणी ओतलं! मान चोळून दिली साबणानं, लहानपणी द्यायचो तशी. आणि त्यानं काय केलं होतं? करवतीखालची जुनी भुकटी उचलून अंगाला फासली होती! खोटं बोलायला नुसतं तोंड पुरत नव्हतं त्याला? वर हा लाल रंग मारून विकला. रंग झकास मारतो हं, ते नाकारत नाही मी.

तक्रार? करा ना. त्याचं नाव घालू नका, माझं घाला. आई त्याच्याकडे असते, तिला कोण... नाही. त्याचंच घाला. मोठ्या अक्षरात घाला! मी पाणी ओतत होतो आणि हा मान पुढे करून उभा – ‘दादा, कापले’ म्हणत –

कापले.

‘कापला’ नव्हे हो. कापले म्हणाला होता. त्या दिवशी थप्प बोलणारे दोन होते.

तो फोन द्या. तुमच्या कोपराशी आहे, द्या लवकर... हं, मी बोलतोय. दुसरा चिमटा कुठाय? – कापलास? पुन्हा बोल. – रडू नकोस, गाढवा, कुणाला विकलास ते सांग... पत्ता सांग. नाव नंतर, आधी पत्ता!

तुम्ही निघा हो, तो मोडायच्या आत मला पोचायचंय. निघा म्हणतो ना!