राणीचं नाक

कडेला धरा — कडेला, चेहऱ्यावर बोट नको. हं. विकायचं आहे का, म्हणता? तेच तर सांगत होतो, तुम्हीच मध्ये भिंग मागितलंत. तर मंगळवार होता, साधाच — काउंटर पुसला, चहा घेतला, टपाल फोडलं. त्यात हे नाणं परत आलेलं, सोबत संग्रहालयाचं पत्र. अस्सल आहे म्हणे. टांकसाळीत राणीचे ठसे कोरणारा म्हातारा वारला, शेवटचा ठसा त्याच्या हाताखालच्याने कोरला, त्यात नाक जरा बाकदार आलं — अशी दोनच नाणी ठाऊक होती, हे तिसरं.

आणि मी काय सांगितलं होतं दादाला? नाणं त्याचं, माझ्या थोरल्या भावाचं. चित्रकलेचा मास्तर, जुन्या बाजारातून हौसेनं घेऊन आला. मी नाक पाहिलं आणि म्हटलं, सोनं खरं, नाणं खोटं. तीस वर्षं या धंद्यात — आणि वजनसुद्धा केलं नाही. तो म्हणाला, "तुला विचारून कोरायला हवं होतं का रे नाक?" म्हणाला, हे कुणीतरी तिला समोर बसवून काढलंय. मी हसलो. वहिनी तर काय — "भाऊजी, जन्मात एकदा सोनं आणलं यांनी, तेही असलं." दोन वर्षं घरात तेवढाच विनोद. तोही हसायचा — म्हणजे, मी तसं धरून चाललो. मागेच लागला, तेव्हा कुठे तपासायला पाठवलं, त्याचं तोंड बंद करायला.

पत्र वाचल्यावर फोन करायचा ना? नाही केला. म्हटलं, रविवारी जेवायला जायचंच आहे, तेव्हा सांगू — खरं म्हणजे चूक कबूल करायला मला चार दिवस हवे होते. त्याच दुपारी चारच्या सुमाराला वहिनीचाच फोन आला. दादा वर्गात, फळ्यापाशी पडला, तो गेलाच.

नको, पाणी नको. मी ठीक आहे.

वहिनी म्हणाली, ते वितळवा, नातीला कानातलं करून द्या, तेवढीच आजोबांची आठवण. दर रविवारी विचारते, झालं का. मी सांगतो, भट्टी बंद आहे. सात महिने भट्टी बंद — कसली भट्टी, साहेब. द्या इकडे. भिंगही ठेवा. विकायला ते माझं नाही, आणि जिचं आहे तिला मी अजून काही सांगितलेलं नाही.