उघड्या डोळ्यांची झोप

(नाशिक, १९८४. कॉलेजातल्या एका खोलीत वत्सलाबाई ट्रक ड्रायव्हरांच्या चाचण्या घेताहेत. दिवा लागला की ब्रेक दाबायचा, अशा मशिनीसमोर निफाडचा निवृत्ती, मागच्या बाकावर त्याची बायको चांगुणा.)

वत्सलाबाई : दिवा लागला होता, निवृत्तीभाऊ. ब्रेकवर पाय गेला नाही तुमचा.

निवृत्ती : लागला व्हता? मी तर तिकडंच बघत व्हतो.

वत्सलाबाई : बघत होता. डोळे उघडेच होते.

निवृत्ती : परवा आसंच झालं, बाई. म्हणून तर आलो मी.

वत्सलाबाई : सांगा. घाई नाही.

निवृत्ती : कांदा घेऊन मुंबईला गेलो व्हतो. खाली केला, लगेच खत भरलं नि माघारी फिरलो. घोटी गेलं ते ध्यानात हाय. मग एकदम विल्होळी, पार नाशकाच्या तोंडाशी. मधला रस्ता कुठं गेला, ठावं नाय. गाडी मीच चालवत व्हतो, गिअर मीच टाकले आसतील. सायकलवाला दिसला तवा पार बोनेटपाशी आलेला. फुलांच्या पाट्या घेऊन बाजाराला चालला व्हता.

वत्सलाबाई : वाचला का?

निवृत्ती : वाचला. मांडी मोडली. मीच केबिनमध्ये घालून दवाखान्यात नेला. सावळीराम नाव त्याचं. वाटंत कण्हत कण्हत मलाच म्हणत व्हता, हळू घ्या, तुमाला बरं दिसत नाय.

वत्सलाबाई : मालकाला सांगितलंत?

निवृत्ती : सांगितलं ना. दोन दिस घरी निजतो म्हणालो. शेठ म्हणाले, चहा पीत जा, तोंडावर पाणी मार, पोलिसांचं मी बघतो. आज सांजच्याला पुन्हा गाडी भरायचीय. तुमी एक करा. लिहून द्या, हा माणूस गाडी चालवायच्या लायक नाय.

वत्सलाबाई : पुढे कोणी कामावर घेणार नाही तुम्हाला.

निवृत्ती : माझं कुणी ऐकत नाय. तुमच्या मशिनीचं ऐकतील.

वत्सलाबाई : मला तो अधिकार नाही हो. माणूस किती थकला की किती चुकतो, एवढं जमवून मी अहवाल देते. त्यात नावंसुद्धा नसतात. रोज कोणीतरी असंच बसतं इथे. मी दिवा लावते, ते चुकतात, आणि इथून उठून गाडीवर जातात.

निवृत्ती : मग हे समदं कशापायी, बाई?

वत्सलाबाई : विश्रांतीचा नियम कागदावर आहे. तो कोणीतरी पाळायला लावील, म्हणून.

निवृत्ती : आन् तवर?

वत्सलाबाई : तुमच्या शेठकडे येते मी बरोबर. ऐकतील असं नाही.

चांगुणा : नका येऊ, बाई. गाडीची चावी मी सकाळीच त्यांच्या वट्यावर ठिवून आले.

निवृत्ती : मला न इचारता?

चांगुणा : कुणाला इचारू? भाकरीचा घास हातात धरून निजला व्हतात तुमी.

निवृत्ती : काय म्हणाले शेठ?

चांगुणा : म्हणाले, ड्रायव्हर लय मिळतात. म्हणलं, आसू द्या.

निवृत्ती : आन् आपण काय करायचं?

चांगुणा : मी द्राक्षाच्या खुडणीला जाते. तुमी उठल्यावर तुमचं बघू. बाई, यांना हितं बाकावर घटकाभर पडू द्याल का? घरापर्यंत जायची ताकद नाय त्यांच्यात.

वत्सलाबाई : पडा, निवृत्तीभाऊ. पुढच्या माणसाला मी बाहेर थांबवते.