छपराचा पूल

(ग्वेइचौच्या डोंगरातलं तोंग लोकांचं जुनं गाव. पुरात गावचा छपराचा लाकडी पूल वाहून गेला आहे. पाणी ओसरलंय. काठावर म्हातारे पूल-सुतार लू तिंगशान बसले आहेत. शेजारीण पेइलान हातात वाडगा घेऊन उभी.)

पेइलान : ...आणि असं टक लावून बघत बसलात म्हणून नदी पूल परत आणून देणार आहे का? तेलचहा प्या आधी. त्यातले मुरमुरे मऊ पडले सगळे.

तिंगशान : तूच पी.

पेइलान : मी प्याले. कालपासून तुमच्या पोटात काही नाही. उपाशी राहून पूल उभे राहत असते, तर गावानं सुतार कशाला पोसले असते?

तिंगशान : आजोबांनी बांधला होता तो. एक खिळा नव्हता त्यात. मधलं छप्पर मी नव्यानं चढवलं. आणि नदीनं बघता बघता सगळा उचलून नेला.

पेइलान : माणूस एकही नेला नाही, तेवढे तिचे उपकार माना. पूल पुन्हा बांधू.

तिंगशान : कशानं? त्या जाडीची फरची झाडं आता डोंगरात राहिलीत कुठं? सिमेंटचा घालून देतील. गाड्या जातील त्याच्यावरून. पण पावसात घडीभर टेकायला कोण येणार तिथं?

पेइलान : थांबा, थांबा. हॉर्न ऐकलात? ट्रक येतोय. मागं आणखी एक... अहो, लाकडं आहेत वर!

तिंगशान : असतील कुणाची तरी.

पेइलान : इतकी जुनी, काळी कुळकुळीत? उठा हो! ते लांबलचक, लाल रंगाचं... अहो, आपलं आढं आहे ते! आपल्या पुलाचं आढं!

बाओलिन : (वाडीतल्या माणसांबरोबर ट्रकमधून उतरत) नमस्कार, लू मिस्त्री. सगळं नाही मिळालं. पण मोठ्या तुळया बहुतेक सगळ्या आहेत.

पेइलान : तू खालच्या म्याओ वाडीतला ना रे? म्हणजे आमच्या आयिंगचा...

बाओलिन : नवरा. बाओलिन. हो, तोच मी.

तिंगशान : पेइलान, त्यांना सांग, लाकडं सावलीत उतरवा. उन्हात टाकली तर तडकतील.

पेइलान : मी कशाला सांगू? समोर उभा आहे तो. त्याला कान आहेत, तुम्हाला तोंड आहे.

बाओलिन : राहू दे मावशी. ऐकलं मी. सावलीतच उतरवतो.

पेइलान : पण सापडलं कसं रे हे सगळं?

बाओलिन : आमच्या वळणावर नदी गाळ टाकते ना, तिथं अडकलं होतं. आम्ही आमचं भात बघायला गेलो होतो. आयिंगनं एका तुळईवर शाईची खूण बघितली आणि ओरडली, ही माझ्या बाबांच्या हातची! मग सगळी वाडी दोर घेऊन उतरली पाण्यात.

पेइलान : आणि तुमचं भात?

बाओलिन : गेलं.

पेइलान : अरे देवा! तुमची शेतं पाण्यात, आणि तुम्ही आमची लाकडं ओढत बसलात?

बाओलिन : भात पुढच्या वर्षी येईल, मावशी. असं लाकूड परत कुठून यायचं?

तिंगशान : ...त्यांना विचार, वाडीला काय द्यायचं.

बाओलिन : काही नाही. मिस्त्री, एक बोलू? इतक्या वर्षांत तुम्ही कधी बोलू दिलं नाहीत.

पेइलान : बोल तू. मी बघते कोण अडवतं ते.

बाओलिन : माझी आई निळीच्या टोपल्या घेऊन तुमच्या बाजाराला यायची. अनवाणी. पाऊस आला की पुलावर थांबायची. पुलाच्या खांबाला गवती चपला टांगलेल्या असायच्या, वाटसरूंसाठी. पैसे नाहीत, विचारपूस नाही, म्याओ की तोंग, काही नाही. आई म्हणायची, जाताना अनवाणी गेले, पण येताना कधीच अनवाणी आले नाही. त्या चपला कुणी विणल्या, तिला शेवटपर्यंत कळलं नाही. आम्हाला आभार मानायचे होते, पण कुणाचे मानायचे तेच ठाऊक नव्हतं.

पेइलान : तिंगशानदादा... सांगा की.

तिंगशान : आयिंगची आई विणायची. हिवाळाभर, चुलीपाशी बसून. मी ओरडायचो तिला, फुकट कुणासाठी बोटं फाडून घेतेस म्हणून.

बाओलिन : ...सासूबाई विणायच्या?

तिंगशान : ती म्हणायची, पूल तुम्ही बांधता, पण त्याच्यावरून चालणार पायच ना?

पेइलान : आता रडू नका दोघं. आयिंग कुठं आहे? ट्रकमध्ये दिसत नाही ती.

बाओलिन : ती पलीकडच्या काठानं चालत आली. ती बघा, पुलाच्या उरलेल्या पायऱ्यांपाशी बसली आहे.

पेइलान : अगं बाई! ट्रकमधून का नाही आली?

बाओलिन : मी म्हटलं तिला. म्हणाली, बाबांनी सांगितलंय, म्याओशी लग्न केलंस तर माझ्या पुलावर पाय ठेवायचा नाही. आता पूल नाही म्हणून ट्रकनं वळसा घालून, मागच्या दारानं नाही जायचं मला माहेरी.

पेइलान : तुमचीच पोरगी! नाक तेवढंच वर.

तिंगशान : केस पांढरे झालेत गं तिचे.

पेइलान : होणारच. तुम्ही काय ती वीस वर्षांचीच आहे असं धरून बसला होता?

तिंगशान : आयिंग! ए आयिंग! ऐकू येतंय का?

बाओलिन : हात हलवतेय. ऐकू आलं तिला.

तिंगशान : तिथंच थांब! पाण्याला अजून ओढ आहे, उतरू नकोस! मी येतोय तुला न्यायला!

पेइलान : अहो, होडीतून? या वयात?

तिंगशान : मग काय, पूल होईपर्यंत तिला तिथं बसवून ठेवू? वाडीतल्या सगळ्यांना आपल्या घरी घेऊन जा, पेइलान. माठातले आंबवलेले मासे काढ, भाताची दारू काढ. सगळी काढ, मागं काही ठेवू नकोस.

बाओलिन : मी वल्हवतो, मिस्त्री. तुम्ही बसा.

तिंगशान : जावईबापू, जरा हात द्या. होडी हलतेय.