चिकटपट्टीचे दोन पदर

लेक: आई, असं नाही लिहिता येत. "तुझ्यासारख्या भिकारड्या माणसाला" हे मी काढतेय.

आई: का काढतेस? त्याला वाचायला अवघड जाईल म्हणून?

लेक: तक्रारीचं उत्तर तो एकटा वाचत नाही, ज्या ॲपवर आपण जुन्या वस्तू विकतो त्या कंपनीची माणसं वाचतात. निकाल तेच देतात.

आई: मग 'भिकारड्या'च्या जागी 'आदरणीय' घाल. काय म्हणायचंय ते समजेल त्याला बरोबर.

लेक: पाचच्या आत उत्तर जायला हवं. साडेतीन झालेत. दोन तक्रारी आधीच लागल्यात तुझ्यावर, ही तिसरी लागली की खातं बंद. मग शिलाई मशीन, कटिंगचं टेबल, सगळं इथंच पडून राहणार आणि त्या टेबलावर मी. नोकरी बदलून घरी आल्याला तीन महिने झाले. तीन महिने मी फळकुटावर झोपतेय.

आई: काय तर म्हणे तक्रारी! एकीने इस्त्री नेली, पंधरा दिवस घरच्या लग्नाचे ढीगभर कपडे इस्त्री करून घेतले आणि मग कळवते, इस्त्री वापरलेली वाटते. अगं बये, वापरलेलीच होती! वर ठळक लिहिलंय. आणि दुसरा तर त्याच्याही वरताण. कपडे चढवायचा पुतळा नेला आणि तक्रार काय, तर पुतळ्याला डोकं नाही. फोटोत होतं का डोकं? मी लिहिलं, तुम्हा दोघांत मिळून एक तरी असायला हवं होतं.

लेक: त्या एका वाक्यावर ती तक्रार लागली.

आई: लागू दे. वाक्य चांगलं होतं.

मास्तर: मी आत जाऊन बसू का? तुम्हाला नीट ओरडता येईल.

आई: तुम्ही बसा तिथंच, मास्तर. शिलाईचं दुकान बंद करून दोन वर्षं झाली, दोन वर्षं बटणंच निवडताय. दोन भोकांची या डब्यात, चार भोकांची त्या डब्यात. भांडायला मी आहे.

लेक: बाबा, तुम्हीपण ऐका. तुमच्या कात्रीचंच आहे. त्याने लिहिलंय, "फोटोतली कात्री आणि मला आलेली कात्री एक नाही. अंगठ्याच्या कडीला गुंडाळलेली निळी चिंधी तीच आहे, पण ती ताजी गुंडाळलेली आहे. पहिल्याच कापात अस्तर चावलं गेलं. ही कात्री कागदावर चाललेली आहे."

आई: चावलं म्हणे! कात्री आहे का कुत्रं?

मास्तर: अस्तर म्हणाला?

आई: तुम्ही मध्ये पडू नका.

मास्तर: टोकाला चावलं का मुळाशी?

लेक: टोकाला. "मधे बरी चालते, टोकाशी आली की कापड दुमडून पात्यांच्या आत जातं."

मास्तर: हं.

आई: हं काय, हं? तुम्हीच सांगा तिला. ती कात्री कधी कागदाला लागली होती का? आयुष्यात एकदा, एकदाच, मी त्या कात्रीने हिच्या वहीला घालायचं कव्हर कापलं. दोन दिवस माझ्याशी बोलला नव्हतात. म्हणे, कागदाने धार मरते. तीस वर्षं घरात दोन कात्र्या, एक कापडाची, एक कागदी साच्यांची. दिसायला जुळ्या बहिणी आणि हात लावायची चोरी.

लेक: आई, मग तो म्हणतो ते असं होऊ शकतं ना, की तू चुकून दुसरी...

आई: मी? मी चुकून? चिंधी बघून भरली मी. निळी चिंधी कापडाच्या कात्रीला, साच्याची उघडीबोडकी. आंधळीसुद्धा चुकणार नाही. डाव सरळ आहे गं. आपली चांगली कात्री त्याने ठेवून घेतली, कुठली तरी भंगारातली पैदा केली, चिंधी सोडवून तिला गुंडाळली आणि फोटो काढून पाठवला. कात्रीही खिशात, पैसेही परत. वर शहाणपणा पाजळतोय, 'कागदावर चाललेली'! यांना पत्रा आणि पोलाद यातला फरक कळत नाही. यांना काहीही पाठव. काय कळतंय त्यांना!

मास्तर: नाही कळत?

आई: एकालाही नाही. इतक्या वस्तू विकल्या मी, बरं म्हणावं असं एक गिऱ्हाईक भेटलं नाही.

लेक: बरं. पुरावा म्हणून आपली जाहिरात जोडावी लागते. उघडते. "टेलरची बारा इंची कात्री. वापरलेली. धार उत्तम. विकण्याचं कारण, वापरणाऱ्याचे हात..." आई, हे तू लिहिलंस?

आई: काय झालं?

लेक: "वापरणाऱ्याचे हात कामातून गेले."

आई: कारण विचारलं होतं, कारण लिहिलं. त्या शेवटच्या कोटाची डावी बाही दोन बोटं आखूड कापली, हे काय मी मनाचं सांगतेय? गिऱ्हाईक दारात उभं राहून काय काय बोललं ते तुला नाही माहीत, मी ऐकलंय. सगळ्या गल्लीने ऐकलंय.

लेक: तरी असं लिहायचं?

मास्तर: चार भोकांचं एक दोनच्या डब्यात गेलं वाटतं.

लेक: बाबा...

मास्तर: नाही, सापडेल. तुम्ही लिहा. पाच वाजतील.

आई: आता त्याने टाकलेले फोटो दाखव मला. मोठे कर. हे बघ, हा खोका उघडायच्या आधी काढलाय म्हणतो. अजून मोठा कर. अजून. थांब! सापडला! सापडला मेला!

लेक: काय?

आई: चिकटपट्टी बघ. दोन पदर आहेत. खालचा एक आणि त्यावर तिरका दुसरा. मी आयुष्यात खोक्याला दोन पदर लावले आहेत का?

लेक: तू एकसुद्धा पूर्ण लावत नाहीस.

आई: बरोबर! लोक खोका आला की फाडून टाकतात, त्यांच्यावर कशाला उधळायची चिकटपट्टी? मधोमध एक आखूड पट्टी, बास. दोन पदर म्हणजे माझ्यानंतर कुणीतरी खोका उघडला आणि पुन्हा चिकटवला. म्हणजे यानेच. आणि फोटो काढून स्वतःच दिला आपल्या हातात! लिही, आत्ता लिही. "आदरणीय महोदय, आपण पुरते उघडे पडला आहात."

लेक: आई, जरा थांब.

आई: आता काय थांबायचंय? नाकाने कांदे सोलत होता, आता डोळ्यांतून पाणी काढते त्याच्या.

लेक: कुरिअरचं लेबल बघ. पत्त्याचं. ते कशावर चिकटवलंय?

आई: खोक्यावर.

लेक: खोक्यावर नाही. चिकटपट्टीवर. दोन्ही पदरांवर. ते लेबल कुरिअरवाल्याने कुठं लावलं होतं?

आई: इथंच. आपल्या दारात, माझ्यासमोर. मी म्हटलंसुद्धा, वाकडं लावलंस.

लेक: वाकडंच आहे. आणि त्याची एक कडाही उचकटलेली नाही. म्हणजे दुसरा पदर आधी लागला, लेबल नंतर. खोका दाराबाहेर पडायच्या आधीच कुणीतरी उघडला होता.

(डब्यात एक बटण पडल्याचा आवाज.)

आई: तू उघडलास?

लेक: मी ऑफिसात होते.

आई: मग भुताने उघडला का?

मास्तर: तू दूध आणायला गेली होतीस.

आई: काय?

मास्तर: त्या दिवशी. खोका बांधून ठेवलास आणि दूध आणायला गेलीस. तेवढ्यात केलं. चिंधी सोडवायला वेळ लागला, हात... वेळ लागला. चिकटपट्टी तिरकी गेली.

आई: वा! वा, मास्तर! पाऊण तास मी सगळ्या जगाला चोर म्हणत बसलेय आणि चोर माझ्या घरात बटणं निवडतोय! तोंडातून शब्द फुटला नाही तुमच्या? 'टोकाला का मुळाशी' विचारत होता, साळसूदपणे! मी कंपनीला पत्र लिहितेय, माझ्या नावाने, माझ्या खात्यावरून, आणि तुम्ही मूग गिळून बसलात!

मास्तर: तुझ्यावर येईल असं वाटलं नव्हतं.

आई: मग काय वाटलं होतं?

मास्तर: त्याला कळणार नाही असं वाटलं होतं.

लेक: पण का, बाबा? द्यायची नव्हती तर आधीच सांगायचं. आम्ही टाकलीच नसती विकायला.

मास्तर: द्यायची नव्हती असं नाही. खोली मोकळी करायची ठरलं, मीच हो म्हटलं. पण तुझी आई रोज सांगत होती ना, एकेका गिऱ्हाइकाचं. इस्त्रीवाली अशी, पुतळेवाला तसा. सगळे बिनडोक, सगळे लबाड. मी रोज ऐकलं. मग मनात आलं, असल्या माणसाच्या हाती कात्री जाणार. तो तिने पुठ्ठे कापणार. दुधाच्या पिशव्या कापणार. त्याला साच्याची दिली तरी चालेल. काय कळतंय त्यांना.

आई: म्हणजे माझंच चुकलं!

मास्तर: तुझं बरोबरच होतं. हा एक निघाला वेगळा.

लेक: चार वाजून गेले. मी काय लिहू?

मास्तर: आधी त्याला विचार, अस्तर कशाचं होतं.

लेक: बाबा, तक्रार चाललीय. गप्पा नाही.

मास्तर: विचार गं.

लेक: विचारलं. बघतोय. लिहितोय. "कोटाचं. बाहीचं. गिऱ्हाईक परवा येणार आहे."

मास्तर: कोट.

आई: कोट शिवणारा अजून कुणी शिल्लक आहे?

मास्तर: परवा म्हणजे आज निघाली पाहिजे. कुरिअरवाला साडेपाचला गल्लीत येतो ना?

आई: काय निघाली पाहिजे? काही नाही पाठवायचं. पैसे परत करू त्याचे, तो साच्याची कात्री परत पाठवेल, विषय संपला. तुमची ठेवा तुमच्याजवळ. खातं गेलं तर गेलं खड्ड्यात.

मास्तर: माझ्याजवळ राहून ती काय करणार?

आई: काही का करेना. राहील.

मास्तर: बटणं कापणार? हे बघ, तू लिहिलंस ते खोटं नाही. हात गेलेच आहेत.

आई: मी ते... तिथं लहानसाच रकाना होता हो. दोन शब्दांत लिहायचं होतं.

मास्तर: दोन शब्दांत तेच बसतं.

आई: नाही बसत. मला तेव्हा राग होता. तुमचा नाही, त्या कोटवाल्याचा. दारात उभं राहून तो वाटेल ते बोलला आणि तुम्ही खाली मान घालून उभे. मला त्याला दोन लगावायच्या होत्या आणि मी नुसतं दार लावून घेतलं. तेव्हापासून जो कुणी विकत घ्यायला येतो, तो मला तोच वाटतो.

मास्तर: हा तो नाही. याने एका कापात ओळखलं. जोडीने घेतलेल्या कात्र्या, एका दिवशी, एका दुकानात. तुला तीस वर्षांत चिंधीशिवाय ओळखता आल्या नाहीत.

आई: आता मलाही बोला.

मास्तर: चिंधी ताजी गुंडाळलीय हेसुद्धा त्याने पाहिलं. मी चांगली मळवली होती बोटांनी.

लेक: बाबा, तुम्ही हसताय?

मास्तर: बेटा, तुझ्या टेबलाचा डावीकडचा खण उघड. साच्यांच्या खाली फडक्यात आहे.

लेक: म्हणजे इतके दिवस मी तिच्यावर झोपतेय?

मास्तर: तेल दिलंय तिला. फडक्यासकट आण.

लेक: ही घ्या. आणि चिंधी? ती तर त्याच्याकडे गेली.

मास्तर: ती माझ्या अंगठ्याची होती. त्याचा अंगठा निराळा. तो त्याची गुंडाळेल. आणि कपाटात काळं साटीन आहे ना, दीड मीटर, तेही घाल. माझ्यामुळे त्याचं अस्तर गेलं.

लेक: ते साटीन विकायला टाकलंय, बाबा. एकीने विचारलंयसुद्धा.

आई: तिला सांग, संपलं.

लेक: आई?

आई: संपलं म्हणून सांग! तिला उशांचे अभ्रे शिवायचेत त्याचे. साटीनचे अभ्रे! डोकं घसरून पडेल बाईचं. असलं तर. आणि आता कंपनीला उत्तर लिही. मी सांगते तसं. "चूक आमची आहे. आमच्या घरात कात्र्यांची अदलाबदल झाली. खरी कात्री आज पाठवत आहोत, सोबत अस्तराचं कापड. पहिली कात्री सवडीने परत पाठवावी." बास.

लेक: सुरुवातीला काय लिहू? तू 'आदरणीय' म्हणाली होतीस. ठेवू का काढू?

आई: ठेव.

लेक: आणि जाहिरातीतलं ते कारण?

आई: ते काढ. तिथं लिही, मास्तरांनी स्वतः निवडून दिली.

लेक: गेलं उत्तर. चार पन्नास.

मास्तर: खोका पक्का हवा. वाटेत टोकाला मार बसला तर सगळं वाया. चिकटपट्टी दे इकडे. दोन पदर लावले तर चालतील ना तुला?

आई: तीन लावा.