पायावर पडलेली सुरमई

नूरबानो : एक मिनिट, दत्तारामभाऊ. गोदामात शार्क कुठून आला?

दत्ताराम : गोदामात नाही हो ताई, अस्करच्या समुद्रात! मी लाँचवर उभा, आणि हा पाण्यातून असा उठला, असा, तुमच्या ह्या कपाटाएवढा...

गोदाबाई : अहो, पाय खाली घ्या. प्लास्टर त्यांच्या टेबलावर ठेवलंत.

नूरबानो : पण तुमच्या व्हिसावर ‘स्टोअर हेल्पर’ लिहिलंय. तुम्ही कोल्ड स्टोरेजमध्ये मासे लावता. लाँचवर काय करत होतात? पोहता तरी येतं का?

गोदाबाई : ह्यांना? आंघोळीला बादलीसुद्धा अर्धीच भरून घेतात.

दत्ताराम : तू गप गो! जयप्रकाश वकिलांनी असंच सांगायला सांगितलंय. म्हणाले, साध्या अपघाताला कोर्ट विचारत नाही, दणदणीत काहीतरी पाहिजे.

नूरबानो : कोण हे जयप्रकाश?

दत्ताराम : मनाम्यात झेरॉक्सच्या दुकानामागे बसतात. काळा कोट घालून.

नूरबानो : ऑगस्टमध्ये?

दत्ताराम : घामाने निथळत असतात बिचारे, पण काढत नाहीत.

नूरबानो : भाऊ, तो व्हिसाचे फॉर्म टाइप करतो. इथल्या कोर्टात उभं राहायला रजिस्टर्ड बहरीनी वकीलच लागतो. आमच्या मॅडम आहेत तशा. त्यांचं लायसन्स भिंतीवरच लावलंय, बघा.

गोदाबाई : आल्या आल्या बघितलं मी. अरबी येत नाही, पण फोटो त्यांचाच आहे.

नूरबानो : आणि मॅडमना खोटं चालत नाही. एक थाप सापडली की फाइल बंद, खलास. कंपनीने तुमचं परतीचं तिकीट काढलंय ना?

गोदाबाई : येत्या शुक्रवारचं. म्हणतात, हे घरीच पडले, कंपनीचा काही संबंध नाही, भरपाई मिळणार नाही. आता मोडका पाय घेऊन गावी जाऊन करणार काय हे?

नूरबानो : मग खरं सांगा भाऊ.

(दत्ताराम दार नीट लागलंय ना, ते बघतो.)

दत्ताराम : सुरमई पडली.

नूरबानो : काय पडली?

दत्ताराम : सुरमई. गोठलेली. वरच्या रॅकवरून सुटली ती तोंड खाली करून, थेट माझ्या पायावर. धोंडा परवडला, ताई! पण मर्दाने लोकांना सांगायचं कसं, की पाय मच्छीने मोडला म्हणून?

नूरबानो : अहो, मस्त केस आहे ही! बघितलं कोणी?

दत्ताराम : उस्मानने बघितलं. अलीमियाँने बघितलं.

नूरबानो : मग आणा की त्यांना!

गोदाबाई : ते नाही यायचे. जयप्रकाशने ह्यांना शार्क दिला, आणि ह्यांनी तो अख्ख्या कॅम्पात वाटला. आता उस्मान म्हणतो, दत्तारामला जबड्यातून मीच ओढून काढला. कॅसेट भरून पाठवलीय त्याने गावी. शार्कच्या आवाजासकट.

दत्ताराम : आणि अलीमियाँने त्याच्या नाकावर ठोसे मारले म्हणे.

नूरबानो : शार्कच्या?

दत्ताराम : शार्कच्या. दर जुम्म्याला एक ठोसा वाढतोय. काल मी म्हटलं, बाबांनो, सुरमई होती ती, तुमच्यासमोर पडली! तर अलीमियाँ मलाच म्हणतो, ‘तू शुद्धीत होतास कुठे?’

नूरबानो : या अल्ला! म्हणजे सुरमईच्या बाजूने बोलणारं कोणीच नाही. आणि सुरमई तर तुम्ही खाल्ली असणार.

दत्ताराम : तेच तर दुखणं आहे ताई! फोरमन म्हणाला, रडू नको, घेऊन जा तिला. मोडका पाय घेऊन टॅक्सीतून मआमीरला घरी आलो, ही मांडीवर. लहान पोर सांभाळावं तशी सांभाळली. घरात पाऊल टाकतो, तर बायको म्हणते...

गोदाबाई : श्रावण लागला होता.

दत्ताराम : बहरीनमध्ये!

गोदाबाई : बहरीनला काय वेगळं पंचांग आहे?

दत्ताराम : जिने माझा पाय मोडला, तिला खायचा हक्क नाही मला? रोज मुगाची उसळ! सकाळी मूग, रात्री मूग!

नूरबानो : भाऊ, जरा थांबा. वहिनी, सुरमई अजून आहे?

गोदाबाई : आहे तशी आहे. शेपूट मावत नाही, म्हणून फ्रीजचं दार जुन्या साडीने बांधलंय.

नूरबानो : शेपटीला लेबल वगैरे?

गोदाबाई : आहे ना, कंपनीचं. तारखेसकट. आणि तोंडात ह्यांच्या बुटाचं टोक.

नूरबानो : सुरमईच्या तोंडात?

गोदाबाई : बर्फाने घट्ट धरलंय. बूटही कंपनीचाच. म्हटलं, कालवण करताना काढू.

नूरबानो : (फोन लावून) हॅलो, मॅडम? मजबूत केस आहे. येस, विटनेस पण आहे... नो मॅडम, चालत नाही येणार. आइसबॉक्समधून आणावा लागेल.

दत्ताराम : काय म्हणाल्या?

नूरबानो : आधी हसल्या. मग म्हणाल्या, आजच कोर्टात अर्ज टाकते. शुक्रवारचं विमान तुमच्याशिवाय उडेल, इंशाल्ला.

दत्ताराम : तुमच्या तोंडात साखर पडो, ताई! आणि परवा श्रावण पण संपतोय! नारळाच्या रसात, तिरफळं घालून...

नूरबानो : हात लावायचा नाही! पुरावा आहे तो. निकाल लागेपर्यंत फ्रीजमध्येच.

दत्ताराम : आणि निकाल कधी?

नूरबानो : इंशाल्ला.

गोदाबाई : चला हो. जाताना मूग घ्यायला हवेत.