हर्षदाच्या नावाची नळी

रश्मी : रक्तदाब एकशे दहा, सत्तर. परत तेच. हर्षदा, पाय पुढे कर बघू. सूज नाही. लघवीही स्वच्छ. मला काही उमजेनासंच झालंय.

धुरपदाबाई : मंग चांगलंच शे ना, ताई. तरी तुमचं तोंड सुतकी. इथं प्लेग आलता त्या सालापासून दवाखान्याचं मानूस दारात दिसलं, का मले भेवच वाटतं.

रश्मी : मावशी, महिन्यात तिसऱ्यांदा हे तीन मजले चढलेय. मला काय हौस आहे? तुमच्या सुनेचं रक्त दोन महिन्यांपूर्वी आमच्याकडे तपासलं. त्यात यूरिक ॲसिड जास्त निघालं, आणखीही एकदोन गोष्टी. अशा बाईचा रक्तदाब पुढे एकदम चढू शकतो. झटके येतात. आई आणि बाळ, दोघंही हातचे जाऊ शकतात.

हर्षदा : पण मने तो कंई थतुं नथी, मला काहीच होत नाही, ताई. जेवते, झोपते, दिवसभर साड्यांना टिकल्या चिकटवते.

रश्मी : म्हणून तर कोडं पडलंय. चढेलच असंही नाही म्हणा. रक्तावरून आधी ओळखता येतं का, तेच आम्ही शोधतोय, त्यासाठी सहाशे बायकांचं रक्त जमवतोय. आमच्या डॉक्टर मॅडम म्हणाल्या, हिच्या रक्ताची अजून एक नळी घेऊन ये. दे हात.

हर्षदा : लई दुखतं का? मी कधी दिलं नाही ना, म्हणून विचारते.

रश्मी : कधी दिलं नाही? मग तुझं कार्ड घेऊन दवाखान्यात कोण आलं होतं?

धुरपदाबाई : हर्षदा, जाय, चहा ठेव.

रश्मी : चहा नको. रक्त तिकडे नर्स घेते, मला काय चेहरा कळणार? मावशी, माझ्यात भांडायचंही त्राण नाही. खरं काय ते सांगा.

धुरपदाबाई : काय सांगू? हिचं पहिलं पाचव्या महिन्यात गयं. आता हिच्या अंगात रगत किती, तुम्हीच पाहा. त्यात तुम्ही अजून काढनार. नही म्हटलं तर कार्ड जाईल, मंग बाळंतपनाले खाट कोन देईल? म्हनून धाकल्या सुनेले धाडलं, सुमनले. तीबी पोटुशी, महिनाबी तोच. शेतात राबेल अंग. वाटलं, दोन चमचे रगतानं तिले काय व्हनार.

रश्मी : म्हणजे ते रक्त सुमनचं. बोलवा तिला.

धुरपदाबाई : कुठून बोलवू? सातव्यात ओटी भरली न माहेरी धाडली. पहिलटकरीन शे ती. अमळनेरपासून आत, खेड्यावर.

रश्मी : तिथे दवाखाना आहे?

हर्षदा : गुरुवारी नर्सबाई येते. आली तर.

रश्मी : तिची काही खबर?

धुरपदाबाई : मजेत शे. परवा तिचा भाऊ आलता. म्हने, पोर कशी भरली, चुडा मनगटात रुतला. म्हटलं, माहेरचं अन्न अंगी लागलं.

हर्षदा : आई, डोकं फार दुखतं असंही म्हणाला होता. डोळ्यापुढं अंधारी येते. तुम्ही म्हणालात, उन्हात फिरत असंल.

(रश्मीनं सुई परत टोपणात घातली. महिनाभर ती भलत्याच बाईचा रक्तदाब मोजत होती. राग यायला हवा होता. आला तो नुसता शीण, आणि त्याखाली भीती.)

रश्मी : अन्न अंगी लागलेलं नाही, मावशी. ती सूज आहे. गावात फोन आहे कुणाकडे?

हर्षदा : किराणावाल्याकडे. नंबर आहे माझ्याकडे. खाली एसटीडी आहे.

रश्मी : आत्ता जा. सांग, जीप, बैलगाडी, मिळेल त्यानं सुमनला आजच अमळनेरच्या मोठ्या दवाखान्यात न्या. मी डॉक्टरांना चिठ्ठी लिहिते. ती घेऊन घरातलं कुणीतरी आजच्या गाडीनं निघा.

धुरपदाबाई : ओटी भरेल पोरीच्या मागं बाळ होयाच्या आधी सासरचं मानूस जात नही, ताई. आमच्यात अपशकुन मानतात.

रश्मी : मग कोण जाईल?

धुरपदाबाई : पोरं दोन्ही कामावर. मीच जाते. अपशकुन करायचा तो मी दोन महिन्यांपूर्वीच करून बसली. हर्षदा, फोन करून ये, न माझं धडकं लुगडं काढ.

हर्षदा : ताई, वाचेल ना ती?

रश्मी : नाही सांगता येत. वेळेवर पोचली तर पुष्कळ जणी वाचतात. तू जा, वेळ घालवू नकोस. मावशी, चिठ्ठीवर सुमनचं पूर्ण नाव घालायचंय, सांगा. आणि एक विचारते. आपण कुणाच्या नावानं रक्त देतोय, हे तिला ठाऊक होतं का?

धुरपदाबाई : नही. मी म्हटलं जाय, ती गयी. परत आली, तिनंच सगळ्याईच्या भाकरी टाकल्या. घरात पेलाभर दूध होतं, ते मी हर्षदाले दिलं.